तू काय म्हणतेस?

१

दिवसभर मी लोकांना दोनातलं एक निवडायला लावते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम आहे माझं. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणूस उंच खुर्चीवर बसतो, नाकावर ती जड चौकट, समोर अक्षरांचा तक्ता. मी एक भिंग घालते, काढते, दुसरं घालते आणि विचारते, "हे बरं, की हे?"

भले भले या प्रश्नापुढे चाचपडतात. "परत एकदा पहिलं दाखवा ना," म्हणतात. मी दाखवते. माझ्या धंद्यात मागे जाता येतं.

तो गेम माझ्या नणंदेने आणून दिला. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण ती गप्प बसत नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि मनात आलं की येते. एका रविवारी ती आपला जुना टॅब घेऊन आली आणि माझ्या हातात कोंबत म्हणाली, "वहिनी, हा तुझ्यासाठीच केलेला गेम आहे."

"मला नाही गं ते धडाधड गोळ्या घालणं जमत."

"गोळ्या कुठे? गोष्ट आहे. चित्रं येतात, माणसं बोलतात आणि मधेच थांबून तुला विचारतात, आता काय म्हणशील? खाली तीन उत्तरं दिसतात. एक निवडायचं. गोष्ट तशी वळते."

गोष्ट साधी होती. नदीच्या धक्क्याजवळ एक बाई खोल्या भाड्याने देते. ती बाई म्हणजे आपण. तिचा चेहरा कधीच दिसत नाही, कधीमधी हात तेवढे दिसतात. तिच्याकडे एक घड्याळं दुरुस्त करणारा राहायला येतो. थंडी पडली की नदीतल्या होड्या बंद होणार. त्याआधी त्याने जायचं की राहायचं, हे आपण त्याच्याशी काय बोलतो त्यावर ठरतं. एवढंच.

दुपारी दुकान दोन तास बंद असतं. मालक मागे पाय पसरून डुलकी घेतात. मी डबा संपवून टॅब उघडायला लागले आणि आठवड्याच्या आत त्या घड्याळवाल्यात पार गुंतले. का, ते मला ठाऊक आहे. मला नेमकं उत्तर सुचतं ते भांडण संपल्यावर, भांडी घासताना. इथे उत्तरं तयार होती. आणि समोरचा माणूस, मी हवा तेवढा वेळ घेतला तरी कंटाळत नव्हता. खिडकीपाशी उभा राहून, पापण्या मिटत-उघडत, माझ्या बोलण्याची वाट बघायचा. घरात असं कोण थांबतं?

२

पण तो काही राहीना.

गोड बोलून पाहिलं, गेला. तोडून बोलून पाहिलं, गेला. एकदा मी 'त्याची जराशी चेष्टा कर' हे उत्तर दाबलं, तर ही बाई थेट त्याच्या मेलेल्या आईवर घसरली. तो धक्क्यावर बॅग घेऊन उभा राहिला आणि दर वेळी जे म्हणायचा तेच म्हणाला, "तू बोलली असतीस, तर थांबलो असतो." मग पडदा काळा.

"अगं, मी इतका वेळ बोलतेच आहे की!" मी चिमणीकडे तक्रार केली. "आणि मी सांगते एक, ती बोलते भलतंच."

"तसंच असतं ते. उत्तरात चार शब्द लिहिलेले असतात, ती बोलते चाळीस."

"मग मी निवडायचं कशाला?"

"मग कोण निवडणार?" चिमणी खो खो हसली. "सेव्ह करत जा, वहिनी. चुकलं की मागे यायचं."

माझा नवरा शेजारीच पेपर वाचत बसला होता. तो तरणतलावावर पोहायला शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणते. पाण्याच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळतं. पण त्या दिवसांत तो जरा हळू बोलायचा. त्याला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं. मोठा, वरून छत असलेला तलाव, हाताखाली माणसं, राहायला घर. महिनाअखेर कळवायचं होतं.

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं होतं.

"बघू," मी म्हणाले होते.

माझी अडचण त्याला माहीत होती. दुकानाचे मालक थकलेत, त्यांना मूलबाळ नाही, आणि उद्या ते दुकान मीच चालवणार हे न बोलता ठरल्यासारखं होतं. हो म्हणावं तर माझ्या हातचं गेलं. नाही म्हणावं तर त्याचं गेलं, आणि तो आयुष्यभर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही, हे त्याहून वाईट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मास्तर दोन्हीकडे पोहायला तयार. मी रोज 'बघू' म्हणत होते आणि दुपारी त्या घड्याळवाल्याला थांबवायचा प्रयत्न करत होते.

३

पहिल्यांदा घडलं ते सकाळच्या न्याहारीला.

मास्तर सकाळची तुकडी संपवून आला होता. केस ओले, गळ्यात टॉवेल. टॉवेलचं टोक कानात घालून तो नेहमीसारखा बोलत होता: कुणीतरी बाई नवा पोहण्याचा चष्मा उलटा घालून आली आणि पाण्यात भिंतीला कशी धडकली. मी पावाला लोणी लावत होते.

"आणि हो," तो म्हणाला, "त्यांचा परत फोन आला होता. तू काय म्हणतेस?"

मी दुसऱ्या पावाला लोणी लावलं. सुरी धुतली. मग लक्षात आलं की टॉवेलच्या घासण्याचाही आवाज येत नाहीये. मी वळून पाहिलं.

तो तसाच उभा होता. टॉवेलचं टोक कानात, तोंड किंचित उघडं, ओठांवर हसू. ते हसू टाचणीने लावून ठेवल्यासारखं वाटत होतं. केसांतलं पाणी खांद्यावर टपकत होतं. पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. मिटत होत्या, उघडत होत्या.

"बघू रे," मी म्हणाले.

"हं, बघ," तो म्हणाला, कान पुसला आणि त्या बाईची उरलेली गोष्ट सांगायला लागला.

मला हसू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपलं उत्तर ऐकायला थांबला, तर दचकायला होणारच. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते पटलंही.

दोन दिवसांनी संध्याकाळी चिमणी आली. तिच्या ऑफिसातल्या कुणाचं लग्न मोडल्याची भानगड सांगत होती, हातवारे करत, बिस्किट चहात बुडवत. "आता तूच सांग वहिनी, त्याचं चुकलं की तिचं?" आणि थांबली. चिमणी! जी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही, ती. बिस्किट हवेत धरलेलं, त्यावरून चहाचा थेंब ओघळून पडला, नवीन तयार झाला, तोही पडला. डोळे माझ्यावर. पापण्या मिटत, उघडत. घाई नाही.

तो वेग मला ओळखीचा वाटला. मास्तरचा होता तोच. भावंडंच आहेत, मी मनात म्हटलं. असतात अशा सवयी घराण्यात.

"दोघांचंही," मी घाईघाईने म्हणाले आणि बिस्किट तिच्या तोंडात गेलं.

४

त्यानंतर मी नजर ठेवू लागले, आणि नजर ठेवली की काय, सगळंच दिसतं. शेजारीण जिन्यात "काय, बरं आहे ना?" म्हणून थांबायची, आणि मला वाटायचं, जरा जास्तच थांबली. फळवाला "ही घ्या की ती?" विचारून हात पुढे करून राहायचा. माणसं प्रश्न विचारून थांबतातच. मीच नाही का थांबत, भिंग हातात धरून? दिवसभर तो उद्योग करायचा, दुपारी टॅबवर तेच बघायचं. डोक्यात तेच फिरणार. मी खेळणं कमी केलं. लवकर झोपायला लागले.

मग तो शनिवार आला. मास्तर, मी आणि चिमणी जेवून टेबलाशीच बसलो होतो. मास्तरने ताटातले कण बोटाने गोळा करत विचारलं, "चार दिवस राहिलेत. मी तुला घाई करत नाही. पण काहीतरी सांग. तू काय म्हणतेस?"

तो थांबला. चिमणीही थांबली, अर्धवट उठलेली, पाण्याचा जग हातात. नळ ठिबकत होता. मी मनाशी शब्द जुळवले. मला आठवतंय मी काय जुळवलं ते. मी म्हणाले, "मला थोडा वेळ दे. मला दोन्ही हवंय, म्हणून कळत नाहीये."

मास्तरच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी कुणाचा चेहरा इतक्या झटक्यात बदललेला पाहिला नव्हता. मधलं काही नाही; आधी एक, मग एकदम दुसरा.

"इतकं बोलायची गरज नव्हती," तो म्हणाला. अगदी हळू.

"म्हणजे? काय बोलले मी?"

"आता परत माझ्या तोंडून वदवून घेणार का?" तो उठला, ताट ठेवलं आणि बाहेर गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी चिमणीकडे वळले. ती टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होती.

"चिमणे, मी वेळ मागितला ना? एवढंच बोलले ना?"

"वहिनी, जाऊ दे."

"नाही, तू सांग. शब्द सांग मला."

"रागात माणूस बोलतं. मी विसरले पण." तिने पर्स उचलली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण आईला मधे आणायचं नव्हतंस. ती जाऊन वर्ष नाही झालं."

मी सासूबाईंचं नावही काढलं नव्हतं. चिमणी गेल्यावर मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. मला थोडा वेळ दे. त्यात कुठे कुणाची आई येते? माझ्या तोंडातून निघाल्यापासून त्याच्या कानात पोचेपर्यंत कुणीतरी 'ध'चा 'मा' करत होतं. नाहीतर मी खरंच काही भयंकर बोलले होते आणि मला ते कळलं नव्हतं. दोन्हींतलं कुठलं बरं, मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मास्तरने त्या लोकांना होकार कळवला. एकट्यासाठी.

५

मी टॅबमधून तो गेम काढून टाकला. टॅब चिमणीच्या शेजाऱ्यांकडे, तिला द्या म्हणून, ठेवून आले. मूर्खपणा होता, पण केला. दोन दिवस कुणी थांबलं नाही. म्हणजे मास्तर मुळी बोलतच नव्हता, त्यामुळे थांबायचा प्रश्न नव्हता. तो बॅगा काढून पुसत होता. जे काही लागायचं ते माझ्या पाठीमागून घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी मालक थांबले.

दुपारची वेळ. मालकांना सगळे काका म्हणतात. ते काउंटरमागे बसून एका चौकटीचा स्क्रू आवळत होते. रस्त्यावरून ऊन काचेतून आत आलं होतं आणि काउंटरवर, त्यांच्या मनगटापाशी पडलं होतं. ते मान वर करून म्हणाले, "बाई, पडदा ओढू का जरा?"

आणि थांबले.

बारीक पेचकस स्क्रूवर टेकलेला. तोंड किंचित उघडं. पापण्या मिटत, उघडत.

या वेळी मी ठरवलं, बोलायचंच नाही. बघू तरी काय होतं. वेडेपणा माझा असेल तर काका आत्ता म्हणतील, 'अहो, ऐकलंत का?' कुठलाही माणूस म्हणेल.

ते नाही म्हणाले. मी खुर्चीवर बसून राहिले. रस्त्यावर एक गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता, मग तोही थांबला. भिंतीवरच्या चौकटींच्या रांगा, त्यांतल्या रिकाम्या काचा, सगळ्या आमच्याकडे तोंड करून. काउंटरवरचं ऊन त्यांच्या मनगटावरून बोटांवर आलं, बोटांवरून काउंटरच्या कडेला, आणि मग खाली फरशीवर उतरलं. काकांना सांधेदुखी आहे. त्यांचा हात एवढा वेळ वर राहूच शकत नाही. तो जराही कापत नव्हता. मी उठून जवळ गेले. त्यांच्या नजरेसमोरून हात फिरवला. नजर माझ्या हातावर नव्हती, मी जिथे बसले होते त्या खुर्चीवरही नव्हती. माझ्या छातीच्या थोडी पुढे, हवेत, कुठेतरी होती.

माझा धीर सुटला. "हो," मी म्हणाले. "ओढा काका, ओढा."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. पडदा ओढला नाही. उठून, हळूहळू काउंटर ओलांडून ते माझ्याकडे आले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण तुम्ही स्पष्ट बोललात हे बरं केलंत. माणसाने आपला मार्ग बघावा. मी दुसरं कुणी शोधतो. दुकानाची काळजी करू नका."

"काका, मी नोकरी सोडत नाहीये! तुम्ही पडद्याचं विचारलंत!"

"कळतं मला," ते म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. "अशा वेळी जिवाला लागतंच. आता मागे नका फिरू."

मी त्यांना समजावलं. पुन्हा समजावलं. जितकं बोलले तितके त्यांचे डोळे भरून आले. माझ्या प्रत्येक 'नाही'चा त्यांना काय अर्थ लागत होता कोण जाणे. शेवटी मी गप्प बसले, कारण न जाणो, पुढच्या वाक्याला अजून काय निघेल.

नवरा एकटा चालला होता आणि दुकानही गेलं होतं. मी यातलं काहीच निवडलं नव्हतं.

६

डोळे तपासावेत, एवढंच मला सुचलं. मला दुसरं येतंच काय? त्यांच्या पापण्यांत काही असेल, नजरेत काही असेल. काही रोग असतो, ज्यात माणसाला क्षणभर भान राहत नाही. मी शिकताना ऐकलं होतं. दोघा भावंडांना असू शकतो. काकांना कसा होईल, हा विचार मी बाजूला ठेवला.

मास्तरला मी लिहून विचारलं. बोलायची भीती वाटत होती. 'जायच्या आधी एकदा डोळे तपासून घे, पाण्याने लाल झालेत' असं कागदाच्या कपट्यावर खरडलं आणि त्याच्या कपाशी ठेवलं. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली.

दुपारी तो दुकानात आला. काका घरी गेले होते. मी त्याला मागच्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, दार लावलं. एरवी तो तिथे बसला की चेष्टा करतो, तक्त्यावरची अक्षरं भलतीच वाचतो. त्या दिवशी मुकाट बसला. त्याच्या अंगाला तलावातल्या औषधाचा वास येत होता. तो वास मला कधी आवडला नव्हता आणि आता तो घरातून जाणार होता.

बारीक टॉर्चने आधी उजवा डोळा पाहिला. बाहुली लहान झाली. ठीक. डावा पाहिला. तोही ठीक. मी टॉर्च बंद केला. तक्त्यामागचा दिवाही बंद करून टाकला; बाहुली अंधारात नीट मोठी होते की नाही ते बघायचं होतं. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड तेवढा उरला.

अंधारात तो म्हणाला, "एक विचारू? मी जावं असंच तुला वाटत होतं का? तू काय म्हणतेस?"

आणि थांबला.

मी उत्तर दिलं नाही. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर माझा चेहरा होता. हळूहळू अंधाराला नजर सरावली आणि मला त्याच्या डोळ्यांत उजेड दिसला.

टॉर्च माझ्या खिशात होता. तक्ता बंद होता. तरी त्याच्या दोन्ही बाहुल्यांत, एकसारख्या, तीन उजळ पट्ट्या होत्या. आडव्या, एकाखाली एक. डोळ्यात उमटलेलं प्रतिबिंब मी दिवसाला पन्नास वेळा बघते. खिडकीचं कसं असतं, दिव्याचं कसं असतं, ते ओळखण्यात मी चुकायची नाही. हे प्रतिबिंबच होतं. त्या पट्ट्यांमागे काळपट माझा आकार दिसत होता, डोकं आणि खांदे. पट्ट्या त्याच्या आणि माझ्या मधे होत्या. माझ्या छातीपुढे.

मी खाली बघितलं. काही नव्हतं. अंधार आणि माझे हात.

परत त्याच्या डोळ्यांत बघितलं. पट्ट्यांवर अक्षरं होती. वाचायला गेले, पण ती मोहरीहून बारीक आणि उलटी. वरची पट्टी बाकीच्यांहून जास्त उजळ होती. मग ती मंद झाली आणि मधली उजळली. मग खालची. मग परत मधली. कुणीतरी चाचपडत होतं. माझ्या समोर खुर्चीवर बसलेली माणसं चाचपडतात, तसंच. परत एकदा पहिलं दाखवा ना.

मला ओरडायचं होतं. 'हलू नकोस' असं म्हणायचं होतं, म्हणजे मला अजून जवळून वाचता आलं असतं. मधली पट्टी एकदा लखकन चमकली आणि तिन्ही विझल्या.

"थांब," मी म्हणाले.

की तसं ऐकू आलं मला. आवाज माझाच होता, तोंडही माझंच हललं.

मास्तरने एक खोल श्वास घेतला. अंधारात त्याचा हात माझ्या गालावर आला, चाचपडत.

"हे आधी का नाही बोललीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "इतके दिवस मी काय काय समजून बसलो होतो."

मी दिवा लावला. तो रडत होता आणि हसत होता, दोन्ही चेहरे एकाच वेळी, कसे जुळवायचे ते त्याला कळत नसल्यासारखे.

७

घरी येताना त्याने माझा हात धरला होता. वाटेतच त्याने दोन फोन केले. पहिला त्या तलाववाल्यांना, की मी येत नाही. दुसरा काकांना. त्यात तो नुसता "हो, हो, तिनेच सांगितलं" म्हणाला आणि हसला. मग चिमणीच्या गल्लीतून जाताना तिला हाक मारली, ये म्हणून.

सगळं मार्गी लागत होतं; नवरा राहत होता, दुकानही परत मिळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण मी विचार करत होते की मी त्याला एक शब्द बोलले. 'थांब'. त्या एका शब्दावर माणूस इतका रडत नाही. त्याने काय ऐकलं? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्या विचारण्याचंही काहीतरी झालं असतं.

चिमणी आली तेव्हा अजून उजेड होता. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

"तुझी वहिनी आज काय बोलली, माहितीये?" मास्तरचा आवाज आला.

मी गॅस बारीक केला, म्हणजे ऐकू येईल. आता तरी कळेल. पण नेमका तिथे तो कुजबुजायला लागला, आयुष्यात कधी नाही तो. लांबलचक काहीतरी सांगत होता. मधे चिमणीचं "अगंबाई" ऐकू आलं. मग चिमणीने विचारलं, "खरंच, वहिनी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

"खरंच गं. मला मेलीला वेळेवर बोलायला सुचत नाही, एवढंच."

तो माझा आवाज होता. स्वतःचा आवाज फोनवर ऐकला की परका वाटतो. हा तसा परका नव्हता. आतून ऐकू येतो तसाच होता. आणि तो पुढे बोलत राहिला. सासूबाईंबद्दल बोलला, शेवटच्या दिवसांत त्या मला काय म्हणाल्या होत्या ते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं कारण मला नीट शब्द सापडत नव्हते. त्या आवाजाला सापडले. प्रत्येक शब्द जागच्या जागी. चिमणी रडायला लागली. मास्तर नाक ओढत होता. मग तो आवाज काहीतरी गमतीचं बोलला आणि तिघंही हसली.

मी दाराच्या फटीतून बघितलं. टेबलाचा एक कोपरा दिसत होता. खुर्चीची पाठ, तिच्यावर टेकलेला एक कोपर. राखाडी स्वेटर, मनगटापाशी धागा सुटलेला. मी आपल्या हाताकडे बघितलं. राखाडी स्वेटर, धागा सुटलेला.

मी हाक मारायचा प्रयत्न केला. मास्तरला, चिमणीला, कुणालाही. आत कितीतरी शब्द होते, पण कुठला पुढे काढावा ते ठरत नव्हतं, आणि ठरल्याशिवाय तोंड हलत नव्हतं.

"अगं, चहाचं काय झालं?" मास्तर आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडला.

"बसा तुम्ही दोघं," माझा आवाज म्हणाला. "मी बघते."

खुर्ची सरकली. पावलं दाराकडे येऊ लागली, न बिचकता, घर माहीत असलेल्या बाईसारखी.

आधण उतू चाललं होतं. मी हात लांब करून गॅस बंद केला. तेवढंच मला जमलं.